मगर हलवण्याआधी पाणवठा बदला

गावाजवळच्या पाण्यात मगर दिसली की पहिली मागणी एकच असते: पकडा आणि लांब नेऊन सोडा. मागणी समजण्यासारखी आहे, पण तिने प्रश्न क्वचितच सुटतो. मगरीला आपला डोह आणि आपला काठ पक्का ठाऊक असतो आणि ती परत येते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या नरांना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर लावून दूर सोडले होते. त्यातला एक केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून हेलिकॉप्टरने उचलून पूर्व किनाऱ्यावर नेला. परतीला निघाल्यावर त्याने अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घातला आणि 20 दिवसांत 400 किलोमीटरहून जास्त पोहून तो मूळ जागी पोचला.

जी मगर परतत नाही ती अनोळखी पाण्यात भटकते. तिथल्या माणसांना मगरीची सवय नसते, म्हणजे धोका फक्त दुसऱ्या गावाला दिला जातो. शिवाय मोठा नर हटवलेला चांगला डोह रिकामा राहत नाही, दुसरी मगर तिथे येते. म्हणून कामाची सुरुवात माणसाच्या बाजूने करायची: पाण्यात कोण उतरते, कुठे, केव्हा आणि का. हे बदलले की माणूसही वाचतो आणि मगरही वाचते, कारण हल्ला झाल्यावर चिडलेल्या जमावाच्या हाती बहुधा जी दिसेल ती मगर मारली जाते.

समोर कोण आहे ते ओळखा

माणसांवरचे सर्वाधिक हल्ले खाऱ्या पाण्यातली मगर आणि आफ्रिकेतली नाईल मगर या दोन जातींकडून होतात. भारतीय उपखंडातल्या नद्या-तलावांत राहणारी मगर यांच्यापेक्षा लहान असते, पण तिच्याकडूनही जीवघेणे हल्ले होतात. लांब, निमुळत्या तोंडाचे घड्याल मासे खाते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. मराठीत काही भागांत मगरीलाच सुसर म्हणतात, तर काही ठिकाणी घड्यालाला. त्यामुळे नोंद करताना नावावर भागवू नका. तोंड रुंद होते की चिंचोळे, हे विचारा.

लांबीचा अंदाज डोक्यावरून येतो. डोक्याच्या लांबीला सातने गुणले की साधारण पूर्ण लांबी मिळते. डोके 40 सेंटिमीटर असेल तर मगर पावणेतीन-तीन मीटरची. दोन मीटरपुढची कुठलीही मगर मोठ्या माणसालाही गंभीर इजा करू शकते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर त्याहून लहान मगरीलाही धोकादायकच धरा.

पाणी शांत आहे म्हणजे मगर नाही, हा सगळ्यात महाग पडणारा समज. निवांत पडून असलेली मगर तासभर पाण्याखाली राहू शकते, आणि गुडघाभर गढूळ पाण्यात मोठी मगर पूर्ण लपते. दुसरा समज म्हणजे दिवसा भीती नाही. मगर रात्री जास्त हालचाल करते हे खरे, पण माणसे दिवसा पाण्यात असतात आणि म्हणून हल्लेही दिवसा होतात.

पाण्याच्या वापराचा नकाशा

मोठ्या कागदावर काठाचा आराखडा काढा आणि चार-पाच दिवस निरनिराळ्या वेळी फिरून त्यावर खुणा करा: धुणे, आंघोळ, जनावरांचे पाणी, मासेमारी, नावेची चढ-उतार, पोहणारी मुले, वाळू काढणारे, शेतीच्या मोटारी. प्रत्येक खुणेपुढे वेळ, माणसांची संख्या आणि पाण्यात किती खोल उतरतात ते लिहा. मग दुसऱ्या रंगाने मगरीच्या खुणा टाका: उन्हाला पडण्याच्या जागा, पोटाचा सरपट माग, घरट्याचे काठ, याआधी जनावर ओढले गेलेली ठिकाणे.

माहिती बायकांना आणि गुराखी मुलांना वेगवेगळे बसवून विचारा. सभेत गावातले पुरुष बोलतात, पण काठावर रोज वाकून बसणारे दुसरेच असतात. शेतीपंपाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाची झडप, साफ करायला छातीभर पाण्यात उतरणारा माणूस अशा यादीतून हमखास सुटतो, आणि तो रोज त्याच वेळी, एकटा, त्याच जागी उतरत असतो. मगर दबा धरून शिकार करते. ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ तिच्या लवकर लक्षात येते.

दोन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात तिथून काम सुरू करा. सगळा काठ एकदम सुरक्षित करायला निघाले की पैसे पहिल्या टप्प्यातच संपतात.

पाण्यात उतरण्याची गरजच कमी करा

सर्वांत खात्रीचा उपाय हाच: नळ, हातपंप किंवा काठापासून दूर धुण्याचा ओटा. ओट्याला दगडी किंवा सिमेंटचा उतार, सांडपाण्याला वाट आणि सावली हवी. सावली नसेल तर उन्हाळ्यात बायका पुन्हा नदीवर जातात. पाण्याला धार कमी असेल आणि रांग लागत असेल, तरी तेच होते. म्हणून ओटा बांधताना सकाळच्या गर्दीच्या तासाला किती जणी एका वेळी धुतात ते मोजा आणि तेवढ्या जागा ठेवा.

मोटारीचा फूट व्हॉल्व्ह तरंगत्या पिंपावर बसवा आणि दोरी किंवा हातरहाट लावून काठावर ओढता येईल असा ठेवा. जाळीदार पेटी लावली की कचरा अडकण्याचे प्रमाणही कमी होते. हा लहानसा खर्च एका माणसाचे रोजचे पाण्यात उतरणे बंद करतो.

पाणी भरावेच लागत असेल तर हंडा हाताने बुडवू नका. दोन-तीन मीटरच्या बांबूला बादली बांधा किंवा उंच काठावरून कप्पीने ओढा. एरवी काठापासून पाच मीटर दूर राहायचे, हा खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या प्रदेशात दिला जाणारा अंतराचा नियम आहे. मुक्काम करायचा तर पाण्यापासून किमान 50 मीटर दूर आणि भरतीच्या रेषेपेक्षा दोन मीटर उंच. काठावरची झुडपे पाणवठ्याच्या दोन्ही अंगांना पाच-सहा मीटर कापून ठेवा, म्हणजे पडून असलेली मगर लांबून दिसेल. त्यापलीकडची झाडी मात्र राहू द्या. ती काठ धरून ठेवते आणि मगरीला माणसांपासून दूर आसरा देते.

पाण्यातले कुंपण

श्रीलंकेत पाण्यात खांब ठोकून आतल्या बाजूला आंघोळीची जागा राखण्याची जुनी रीत आहे. तिला किंबुल कोटुवा, म्हणजे मगरीचा कोट, असे म्हणतात. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरातही नदीघाटांना असे अडसर घातलेले आहेत. कल्पना सोपी आहे, पण कुंपण चुकीचे बांधले तर ते खोटा धीर देते, आणि तो नसलेल्या कुंपणापेक्षा वाईट.

आधी पाण्याची पातळी वर्षभरात किती खाली-वर होते ते मोजा. फरक तीन मीटरचा असेल आणि काठाचा उतार एकास चार असेल, तर पाण्याची कड बारा मीटर पुढे-मागे सरकते. म्हणजे कुंपण काठाला समांतर रुंद न ठेवता उताराच्या दिशेने बारा मीटरहून लांब हवे. बहुतेक कुंपणे इथेच फसतात. पावसाळ्यानंतरच्या भरल्या पाण्यावर बेतून बांधतात, उन्हाळ्यात आतले पाणी आटते आणि लोक कुंपणाबाहेर जाऊन धुतात.

खांब गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपाचे, दीड ते दोन मीटर अंतरावर, तळात किमान एक मीटर गाडलेले. जाळी वेल्ड केलेली, जाड तारेची, साधारण पाच सेंटिमीटरच्या चौकटीची. कोंबडीच्या खुराड्याची पातळ जाळी चालत नाही. मगर ती फाडते आणि वर त्यात अडकून बुडतेही. जाळीची खालची कड अर्धा मीटर तळात पुरा आणि वर दगड भरा, कारण प्रवाह खालची माती खरवडतो आणि फट पडते. उंची वापराच्या काळातल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा एक ते दीड मीटर जास्त ठेवा. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी जिथे आहेत तिथे आणखी उंच, कारण त्या शेपटीच्या जोरावर शरीराचा बराच भाग पाण्याबाहेर उसळवतात. आणि दोन्ही बाजूंची जाळी काठावर चार-पाच मीटर वर न्या. पाण्याची बाजू बंद आणि जमिनीची उघडी असेल तर मगर काठावरून चालत आत येते.

पुरात प्रवाहासमोरच्या जाळीवर पालापाचोळा आणि लाकडे अडकतात आणि पाण्याचा सगळा दाब खांबांवर येतो. म्हणून त्या बाजूचे जाळीचे भाग बोल्टने काढता येतील असे बसवा. पुराआधी ते काढा, लाल झेंडा लावा आणि घाट बंद ठेवा. पूर ओसरल्यावर जाळी परत बसवण्याआधी लांब काठीने आतला सगळा तळ चाचपडून पाहा, कारण पुराबरोबर मगर आत शिरलेली असू शकते. जाळी बसवल्यावर ती तिथेच कोंडली जाईल. एरवीही सकाळी पहिल्यांदा उतरणाऱ्याने काठी फिरवल्याशिवाय पाय घालू नये.

देखभालीची जबाबदारी दोन नावांनिशी ठरवा: दर आठवड्याला बोल्ट, गंज आणि तळाची फट कोण पाहणार, आणि दुरुस्तीचे पैसे कुठून येणार. खाऱ्या पाण्यात गंज फार वेगाने चढतो, तिथे पाहणी आणखी वारंवार हवी.

कचरा, जनावरे, खाऊ घालणे

माशांची आतडी, कोंबड्यांचे अवशेष, मेलेली जनावरे पाण्यात टाकणे म्हणजे मगरीला माणसाच्या पायाजवळ जेवायला बोलावणे. मासे पाण्याच्या काठावर साफ करू नका. घाण काठापासून दूर खड्ड्यात पुरा. मेलेले जनावर किमान दीड-दोन मीटर खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात आणि त्यांच्या मागून मगर येते. पर्यटकांना दाखवायला मगरीला मांस टाकण्याची प्रथा जिथे असेल तिथे ती आधी थांबवा. खाऊची सवय लागलेली मगर माणसाला पाहून पाण्यात सटकत नाही, जवळ येते. पुढे तीच "उपद्रवी" ठरते.

जनावरांसाठी काठापासून दूर सिमेंटची कुंडी बांधा आणि ती भरलेली राहील याची सोय करा. शेळ्या आणि वासरे सर्वाधिक ओढली जातात, कारण ती पुढचे पाय पाण्यात घालून मान खाली वाकवतात. गोठे आणि खुराडी काठापासून लांब असावीत. कुत्र्याला घेऊन काठाने फिरू नका.

मासेमाराने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळे टाकणे शक्यतो सोडावे; काठाच्या उंच भागावरून किंवा नावेतून टाकावे. नावेत हात-पाय बाहेर लोंबकळू देऊ नका. जाळी रात्रभर पाण्यात सोडून देऊ नका: अडकलेल्या मगरीला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ती बुडून मरते. घड्यालांच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण आहे. अडकलेली मगर जिवंत असेल तर पकडायला जाण्यापेक्षा जाळे कापा. जाळे फाटण्याचे नुकसान खरे असते. ते कोणी भरून देत नसेल तर मासेमार मगरीच्या बाजूने उभा राहणार नाही, म्हणून भरपाईचा मार्ग आधीच ठरवून ठेवा.

घरटी आणि पिल्ले

काही जातींच्या माद्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालतात, तर खाऱ्या पाण्यातल्या मगरीची मादी पालापाचोळ्याचा ढीग रचते. भारतातल्या गोड्या पाण्यातली मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालते आणि पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. या काळात मादी जवळ असते आणि घरट्याकडे येणाऱ्यावर धावून जाते. घरटे सापडले तर त्या काठाकडे जाणारी पायवाट दोन-अडीच महिने दुसरीकडून वळवा. वाळूउपसा आणि काठापर्यंतची नांगरट घरटी जितकी संपवते तितकी शिकारही संपवत नसेल.

घोरपडी, कोल्हे, मुंगूस आणि कुत्री अंडी उकरतात. संरक्षण म्हणून घरट्यावर जाळी टाकणार असाल तर तीच पिल्लांचा काळ ठरू शकते. पिल्ले अंड्यातून आवाज देतात, मग मादी घरटे उकरून त्यांना तोंडातून पाण्यात नेते. ती पिल्ले खाते असा गैरसमज इथूनच आला आहे. जाळीमुळे तिला उकरता आले नाही तर पिल्ले आतच गुदमरतात. पिल्ले निघण्याची वेळ जवळ आली की जाळी काढलीच पाहिजे.

अंडी हलवणे हे शेवटचे साधन आणि फक्त वनखात्याच्या परवानगीने. अंडे घातल्यानंतर सुमारे 24 तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडे उलटे झाले की गर्भ मरतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि खूण वर ठेवूनच ओलसर वाळूत किंवा वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) रचा. तापमान पिल्लाचे लिंग ठरवते: साधारण 32 अंश सेल्सियसच्या आसपास नर जास्त, त्यापेक्षा बरेच कमी असेल तर माद्या. 34-35 अंशांपुढे व्यंग आणि मृत्यू वाढतात. उबवणी केंद्रात एकाच तापमानावर सगळी अंडी ठेवली की एकाच लिंगाची पिल्ले नदीत सोडली जातात. ही चूक अनेक वर्षांनी लक्षात येते.

फिलिपिन्सच्या सान मारियानोमध्ये स्थानिक पालिकेने 2001 मध्ये दिसुलाप नदीचा पट्टा तिथल्या अतिसंकटग्रस्त मगरीसाठी राखून ठेवला. जंगलात निघालेली पिल्ले काही काळ सांभाळून, जराशी मोठी झाल्यावर परत सोडण्याचे काम तिथे होते. पिल्लांतली फार थोडीच मोठी होतात, म्हणून हा आधार कामी येतो. पण जिथे काठच उरलेला नाही तिथे पिल्ले सोडून काहीच साधत नाही.

मोजणी

मगरी वाढल्या की घटल्या, हे तावातावाने बोलून ठरत नाही. थंडीतल्या सकाळी उन्हाला पडलेल्या मगरी मोजा, किंवा अमावस्येच्या आसपास कमी पाण्यात नावेतून बॅटरीने. डोळे लालसर-नारिंगी चमकतात. दरवर्षी तोच पट्टा, तोच महिना, तोच वेग आणि शक्यतो तेच मोजणारे ठेवा. एक मीटरपेक्षा लहान, एक ते दोन, दोनपेक्षा मोठी आणि "फक्त डोळे दिसले" असे चार रकाने पुरतात. चौथा रकाना लाजून गाळू नका, नाहीतर अंदाजाने लांबी लिहिली जाते आणि आकडे बिघडतात.

मगर विहिरीत, शेतात किंवा रस्त्यावर आली तर

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आल्यावर वडोदरा शहरातल्या वस्त्यांमध्ये मगरी शिरल्या होत्या. अशा वेळी वनखात्याला कळवा, माणसे किमान 15-20 मीटर मागे घ्या आणि पाण्याकडे जाणारी एक बाजू मोकळी ठेवा. गर्दीने घेरलेली मगर दमते, आणि दम हाच तिचा काळ. सतत झुंजल्याने तिच्या रक्तात आम्ल साठते. पकडल्यानंतर कित्येक तासांनी, सोडून दिल्यावरही ती मरू शकते. म्हणून प्रशिक्षित पथकानेही काम झटपट करावे: डोळ्यांवर ओले पोते, जबड्याला नाकपुड्या मोकळ्या ठेवून टेप किंवा रबरी पट्टी, शरीर फळीवर, पोट खाली, सावलीत, वर पाण्याचा शिडकावा. ओढत नेऊ नका, उलटी करू नका. मगर सोडतानाच जबड्याची पट्टी काढायची असते. ती काढायची विसरली तर मगर उपाशी मरते.

सोडण्याची जागा शक्यतो त्याच नदीचा जवळचा, माणसे नसलेला भाग. जी मगर पुन्हा पुन्हा माणसांच्या जागी येते, नावेजवळ येते, माणसाला घाबरत नाही, तिला लांब नेऊन सोडण्यापेक्षा कायमचे बंदिस्त ठेवणे बरे.

हल्ला झाला तर

जमिनीवर मगर अंगावर आली तर सरळ पाण्यापासून दूर धावा. नागमोडी धावण्याचा सल्ला चुकीचा आहे. मगर थोडेच अंतर वेगाने येते. पाण्यात पकडले तर डोळ्यांवर बोटे खुपसा, थोबाडावर मारा. हात तोंडात खोल असेल तर घशाजवळची मऊ पडदी ढकला. ती उघडली की मगरीच्या घशात पाणी जाते. खांब, मूळ, नावेची कड, जे मिळेल ते धरा. काठावरच्यांनी पाण्यात उडी न घेता दोरी, वल्हे किंवा बांबू द्यावा.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड दाबून धरा आणि दहा मिनिटे उचलून पाहू नका. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर, सांधा सोडून, रुंद पट्टी आवळा आणि वेळ लिहून ठेवा. राख, माती, पाला काही घालू नका. जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जा. दात खोलवर जातात आणि एरोमोनाससारखे पाण्यातले जिवाणू आत सोडतात. डॉक्टरांना चावा मगरीचा आणि पाण्यातला आहे हे स्पष्ट सांगा. जखम भरपूर धुणे, योग्य प्रतिजैविके, धनुर्वाताची लस आणि लगेच टाके न घालण्याचा निर्णय हे सगळे त्यावर अवलंबून असते. रेबीजची भीती नाही, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे.

ती जागा त्याच दिवशी बंद करा आणि लोकांना त्याच दिवशी पाण्याची दुसरी सोय द्या, टँकर का असेना. दोन दिवस पाणी मिळाले नाही तर लोक त्याच घाटावर परत उतरतात. नोंदीत जागा, वेळ, पाण्याची खोली, व्यक्ती काय करत होती, मगरीची अंदाजे लांबी आणि काठावर टाकलेले मांस किंवा मासे होते का, हे लिहा. भरपाईचे कागद घरच्यांना शोधत फिरावे लागू नयेत. पंचनामा, डॉक्टरांचा दाखला आणि अर्ज एकाच माणसाने पहिल्या आठवड्यात पूर्ण करून द्यावेत, आणि त्या माणसाचे नाव हल्ला होण्याआधीच गावात ठरलेले असावे.